चारशे बारा नंबरची मुलं

किल्बर्न शाळेत मूल घालायचं तर आधी नोरीन हॅस्केटच्या खिडकीसमोर उभं राहावं लागे, आणि नोरीनला सगळ्यांत आधी पत्ता लागे. मुलाचं नाव नंतर. घराचा करार आणि विजेचं बिल, दोन्हींवर एकच पत्ता, आणि तो पत्ता शाळेच्या हद्दीच्या रेघेच्या आतला. रेघेच्या आतलं मूल किल्बर्नचं, बाहेरचं मूल ड्रेक रोडच्या शाळेचं, मग त्याच्या घरातून किल्बर्नची घंटा ऐकू येत का असेना. ओहायोतल्या एल्डन गावात बावीस वर्षं हे काम नोरीनने केलं. तेवढ्या काळात पाच मुख्याध्यापक आले आणि गेले. नोरीन जागची हलली नाही.

बाई दिसायला कडक होती. चष्मा दोरीने गळ्यात, केस आखूड कापलेले, आणि खिडकीच्या काचेवर तिने स्वतःच्या हाताने लिहून चिकटवलेला कागद: ‘एक ऑक्टोबरनंतर आकडा बदलत नाही.’ दरवर्षी एक ऑक्टोबरला शाळेतल्या मुलांची मोजणी व्हायची आणि पत्त्यांसकट तो आकडा नोरीनच्या सहीने जिल्हा कार्यालयात जायचा. किती शिक्षक, किती बाकं, दुधाचे किती खोके, सगळं त्यावर. दोन ऑक्टोबरला आलेलं मूल वर्गात बसे, जेवे, खेळे, पण जिल्ह्याच्या लेखी ते अजून जन्मलेलंच नसे. उशिरा येऊन गयावया करणाऱ्या आईबापांना ती तो कागद बोटाने दाखवायची. तोंड उघडायचीही तसदी घेत नसे.

आणि हीच कडक बाई सात वर्षं खोटं करत आली होती.

तिला स्वतःला मूल नव्हतं. नवरा डेल पोस्टमन होता, तो जाऊन नऊ वर्षं झाली होती. शाळेपासून चार मिनिटांवर, कॅनल स्ट्रीटवर चारशे बारा नंबरच्या घरात ती एकटी राहायची. डेलच्या मागे दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, एका बाईचं भाड्याचं घर सुटलं आणि ती हायवेपलीकडे बहिणीकडे राहायला गेली. तिचा मुलगा पहिलीत. नियमाने त्याचं नाव त्याच दिवशी कमी करायला हवं होतं. एक अर्ज असतो, दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांसाठी. घरमालकाने सही करायची की हे लोक माझ्याकडे राहतात. नोरीनने तो खणातून काढला, घरमालकाच्या जागी स्वतःची सही केली आणि चारशे बारा लिहून टाकलं. तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे, असं ती मनाशी म्हणाली. पाप नेहमी तीन महिन्यांच्या बोलीवरच घरात शिरतं.

मग दुसरं मूल आलं, मग तिसरं. शेजारच्या चारशे सोळा नंबरचा वॉल्ट प्रिक्रिल एक्याऐंशी वर्षांचा, एकटा. त्यानेही दोन सह्या केल्या. ‘‘माझ्या घरात मुलं आहेत म्हणतेस? बरं झालं, बर्फ कोण उपसणार याची काळजी मिटली,’’ एवढंच तो म्हणाला. मी सांगतो त्या वर्षी चारशे बारामध्ये चार आणि वॉल्टकडे दोन अशी सहा मुलं राहत होती. दोन म्हाताऱ्यांच्या घरी कागदोपत्री गोकुळ नांदत होतं. प्रत्यक्षात नोरीनच्या घरी रात्री रेडिओखेरीज आवाज नसे.

त्या चौघांतली एक ओपल ग्रीर. आठ वर्षांची, तिसरीतली. आई रोशेल आजारी म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचं न्हाणंधुणं करायची आणि हायवेपलीकडच्या एका जुन्या मोटेलमध्ये आठवड्याच्या भाड्याने राहायची. ओपल आली तेव्हा बोलतच नव्हती. बोलायला गेली की शब्द दातांत अडकायचा, मान झटके द्यायची, डोळ्यांत पाणी यायचं. मग तिने बोलणंच सोडलं. किल्बर्नला उच्चार सुधारणारी मिस इल्सा रोज असायची. ड्रेक रोडला अशी बाई आठवड्यातून अर्धा दिवस, तीही आणखी दोन शाळांत वाटलेली.

मिस इल्साने ओपलला वर्षभर श्वास घ्यायला शिकवलं. हात मांडीवर, श्वास आत, मग शब्द हळूच सोडायचा. पहिलं पूर्ण वाक्य म्हणून तिने तेच निवडलं जे प्रत्येक लहान मुलाकडून घोकून घेतात, हरवलं तर सांगता यावं म्हणून: आपला पत्ता. फाइलीत होता तो. ओपल रोज सकाळी नोरीनच्या खिडकीशी येऊन तो म्हणून दाखवायची. ‘चारशे’पाशी महिनाभर अडली, ‘कॅनल’पाशी दोन महिने. नोरीन खणातल्या पाकिटातून एक सोनेरी चांदणी काढून तिच्या तळहातावर चिकटवायची, अडली तरीही. तिसरीच्या सप्टेंबरात ओपलने न अडता पूर्ण पत्ता म्हटला. नोरीन उठून कपाटामागे गेली आणि डोळे पुसून परत आली. तो पत्ता खोटा आहे हे त्या क्षणी तिच्या मनातही आलं नाही. मला यासाठी ती आवडते, आणि यासाठीच तिचा रागही येतो.

गावाच्या उत्तरेला सफरचंदाची जुनी बाग तोडून ऑर्चर्ड रिज नावाची वसाहत झाली होती. मोठी घरं, दोनदोन गाड्या, आणि किल्बर्न चांगली शाळा म्हणूनच घर घेतलेले आईबाप. शाळा फुगली. संगीताचा वर्ग जिन्याखाली गेला, जेवणाच्या पाळ्या साडेदहाला सुरू होऊ लागल्या. जानेवारीत जिल्ह्याने जाहीर केलं की हद्दीची रेघ नव्याने आखणार आणि तीस मुलं ड्रेक रोडला जाणार.

त्यानंतर एल्डनमध्ये जे झालं त्याला भांडण म्हणणं सौम्य होईल. अंगणाअंगणात पाट्या लागल्या. ऑर्चर्ड रिजच्या हिरव्या, कॅनल स्ट्रीटच्या मागच्या भाड्याच्या घरांच्या हाताने रंगवलेल्या. कोणी कोणाच्या पाट्या उपटल्या. चर्चच्या जेवणाला प्रत्येकजण घरून एक पदार्थ आणतो. तिथे वर्षानुवर्षं एकाच टेबलावर मांडलेली भांडी आता दोन टेबलांवर मांडली गेली, आणि या टेबलाच्या बटाट्याला त्या टेबलाच्या माणसाने हात लावला नाही. तोंडाने मात्र सगळे एकच वाक्य म्हणत: आम्हाला सगळ्याच मुलांची काळजी आहे. त्या हिवाळ्यात ज्याने ते म्हटलं, त्याच्या मनात नेमकं एकच मूल होतं.

ऑर्चर्ड रिजची पुढारी हेदर लुंडक्विस्ट. दुष्ट बाई नव्हती ती. दर शुक्रवारी ऑफिसात बिस्किटं आणून ठेवायची, नोरीनच्या वाढदिवसाला फुलं आणायची. एकदा बिस्किटांचा डबा ठेवता ठेवता म्हणाली, ‘‘नोरीन, तुम्हाला सगळं माहीत असतं. खोट्या पत्त्यांवर किती मुलं आहेत हो इथे? ती काढली तर कोणालाच हलवावं लागणार नाही.’’

‘‘मी कागद बघते, हेदर. कागद बरोबर असतात,’’ नोरीन म्हणाली. त्या दिवशी तिने बिस्किटांचा डबा उघडला नाही.

आपल्या गल्लीची तिला काळजी नव्हती. म्हाताऱ्यांची गल्ली, हलवून कोणाला काय मिळणार? फेब्रुवारीत शाळेच्या भोजनगृहात नकाशा लावला. जिल्ह्याचा गॅरेट नावाचा तरुण संगणक घेऊन शेजारी बसला होता. नकाशावर नवी लाल रेघ होती, आणि कॅनल स्ट्रीट तिच्या मागच्या भाड्याच्या घरांसकट रेघेबाहेर होती.

नोरीनने विचारलं की या गल्लीत मुलं आहेत कुठे.

‘‘मागच्या घरांत पंचवीस,’’ गॅरेट म्हणाला. ‘‘पंचवीस पुरत नव्हती, तीस हवी होती. पण कॅनल स्ट्रीटवर सहा निघाली. म्हणून हा तुकडा जमून गेला.’’ त्याने बोटाने चित्र मोठं केलं. प्रत्येक मुलासाठी एक निळा ठिपका होता. नोरीनच्या घराच्या छपरावर चार ठिपके होते. वॉल्टच्या छपरावर दोन.

‘‘आणि ही सहा नसती तर?’’

‘‘मग हा तुकडा बाद. ऑर्चर्ड रिजचा वरचा कोपरा घेतला असता, तिथे एकतीस आहेत. आकडा बदलला की रेघ बदलते. मला काय, मी आकड्यांचा नोकर.’’

तो हसून म्हणाला, आणि नोरीनने ते वाक्य जसंच्या तसं खरं धरलं.

ती पंचवीस मुलं रोज सकाळी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून चालत शाळेत जायची. कोणाच्या पायात एक लाल आणि एक काळा बूट, कोणी धाकट्याला ओढत. त्यांचे आईबाप कोंबड्यांच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जायचे. मुलं आपली आपण उठून शाळेत येऊन नाश्ता करायची. ड्रेक रोडची बस सहा पन्नासला, हायवेच्या कडेला, अंधारात. बस चुकली तर सोडायला घरी गाडी नाही, नाश्ता नाही, शाळाही नाही. आणि हे सगळं कशामुळे, तर तिच्या छपरावरच्या चार ठिपक्यांमुळे. करायला गेली पुण्य आणि पदरात हे पडलं.

यात ओपलचं काय होणार हेही तिने विचारून घेतलं होतं. रेघेबाहेर गेलेल्या गल्लीतल्या तिसरीच्या मुलांना एक सवलत होती: चौथीचं शेवटचं वर्ष किल्बर्नलाच पुरं करता येईल. म्हणजे नोरीन गप्प राहिली तर ओपलला मिस इल्साबरोबर आणखी एक पूर्ण वर्ष मिळत होतं. खरं बोलली तर पंचवीस मुलं वाचत होती आणि ओपल भर मार्चमध्ये शाळेबाहेर जात होती. मधला रस्ता तिने तीन आठवडे शोधला. नव्हता.

शेवटी तिने रोशेलला गाठलं. शाळा सुटल्यावर गाड्यांची रांग लागते, तिथे रोशेलच्या गाडीच्या खिडकीशी वाकून सगळं सांगितलं. रोशेलने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

‘‘पंचवीस कोणाची तरी आहेत, मान्य,’’ ती म्हणाली. ‘‘माझी एकच आहे. तुम्ही म्हणता एकापेक्षा पंचवीस जास्त. बरोबरच आहे, गणितात मी कच्चीच होते.’’

‘‘वर्ष संपेपर्यंत तरी तिला राहू द्या म्हणून मी मुख्याध्यापकांच्या हातापाया पडेन, रोशेल.’’

‘‘मिस नोरीन, मी तुमच्याकडे मागायला आले नव्हते. मी तिचं नाव शाळेतून काढून घ्यायला आले होते. अर्ज तुम्ही खणातून काढलात, सही तुम्ही केलीत. आता ती मला विचारते, आई, आपण चारशे बाराला कधी राहायला जाणार? तिला वाटतं ते घर आपलं आहे, नुसतं अजून तयार नाहीये. तुम्हीच सांगा तिला.’’

मागच्या गाडीने हॉर्न दिला. रोशेल निघून गेली. रोशेलचं म्हणणं नोरीनला पटलं होतं, आणि तरीही दुसऱ्या दिवशी तिने बोलणाऱ्यांच्या यादीत नाव लिहिलं. रोज सकाळी खिडकीतून ती पंचवीस मुलं पाहून तोंड वळवणं तिला जमणार नव्हतं.

सभा मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी झाली. भोजनगृह भरून माणसं भिंतीला टेकली होती. एका बाजूला हिरवे शर्ट, दुसऱ्या बाजूला कारखान्यातून थेट आलेली माणसं, रबरी बूट तसेच पायात. प्रत्येकाला तीन मिनिटं. मायक्रोफोनपुढे छोटा दिवा: हिरवा असेपर्यंत बोला, पिवळा झाला की आवरा, लाल झाला की पुढचा माणूस. नोरीनचा नंबर चौदावा होता.

तिने कागद आणला नव्हता. ती म्हणाली, ‘‘मी बावीस वर्षं या शाळेच्या खिडकीत बसते. कॅनल स्ट्रीटवर तुम्ही सहा मुलं दाखवलीत. तिथे एकही मूल राहत नाही. चार माझ्या घरी लावलीत, ती मी लावली. मीच सही केली. मुलांचा आणि त्यांच्या आयांचा दोष नाही. ती सहा वजा करा आणि रेघ पुन्हा आखा.’’ दिवा अजून हिरवाच होता. तिला आणखी काही सांगायचं होतं, पण ते आठवेना. ती खाली बसली.

हिरव्या शर्टांतून कुजबूज उठली आणि वाढत गेली. अध्यक्षबाईंनी टेबल ठोकलं. ‘‘आपण हे सांगितलंत त्याबद्दल आम्ही आभारी आहोत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चौकशी होईल. मात्र आखणी एक ऑक्टोबरच्या मोजणीवर झालेली आहे. एक ऑक्टोबरनंतर आकडा बदलत नाही, हे तुम्हाला तरी सांगायला नको, मिसेस हॅस्केट.’’

खरंच सांगायला नको होतं. बावीस वर्षं तिने तेच लोकांना बोटाने दाखवलं होतं. तिला वाटलं होतं, तो नियम उशिरा आलेल्यांसाठी आहे, खोट्यासाठी नाही. मोजणीवर एकदा सही झाली की त्यातलं खोटंही खरं होऊन बसतं, हे गावात दुसऱ्या कोणाला नाही तरी तिला कळायला हवं होतं. तिने भिंतीशी उभ्या गॅरेटकडे पाहिलं. तो संगणकात मान घालून होता.

सोळाव्या नंबरला हेदर उठली. तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. ती म्हणाली, आज आपण सगळ्यांनी ऐकलं, गर्दी कशामुळे झाली ते. नोरीनचं नाव तिने घेतलं नाही. तेवढी ती सभ्य होती. मतदान झालं, पाचास दोन. लाल रेघ होती तशीच राहिली. पंचवीस मुलं ऑगस्टपासून ड्रेक रोडला जाणार, आणि सहा मुलं त्याच आठवड्यात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, फक्त हात नोरीनचा आणि अवलक्षण दुसऱ्यांच्या पोरांचं.

बाहेर पडताना रबरी बुटांतल्या एका बापाने तिचा हात धरून दाबला. त्याला वाटलं होतं ती जिंकली. कोणीतरी त्याला समजावून सांगितलं तेव्हा त्याने हात सोडला.

नोकरी जाणार हे ठरलेलंच होतं. पण शाळा सोडल्याचे दाखले काढायचे कसे हे नोरीनखेरीज कोणालाच येत नव्हतं. म्हणून तिला शुक्रवारपर्यंत थांबायला सांगितलं. ओपलला वर्ष पुरं करू द्या म्हणून ती मुख्याध्यापकांकडे गेली. त्यांनी टेबलावरची पेन्सिल सरळ करून ठेवली, पुन्हा केली, आणि आपल्या हातात नाही म्हणाले. नोरीनने सहा दाखले टाइप केले. वॉल्टने निरोप पाठवला की माझी दोन तरी ठेवा, मी खोलीही झाडून ठेवली आहे.

गुरुवारी जिल्ह्याचा चौकशी अधिकारी आला, मिस्टर पोल्क, निवृत्त पोलीस. नियम असा की मुलाला ओळखीच्या माणसासमोर एकदा विचारायचं आणि उत्तर लिहून घ्यायचं. ओळखीचं माणूस म्हणून नोरीनलाच बसवलं. पाच मुलं आली आणि गेली. दोघांनी मोटेलचं नाव सांगितलं, एकाने खांदे उडवले, वॉल्टची दोघं भावंडं रडू लागली. शेवटी ओपल आली. आईने तिला काय सांगितलं होतं, काही सांगितलं होतं की नाही, कोण जाणे.

मिस्टर पोल्क खुर्चीतून पुढे वाकले. माणूस मायाळू होता, त्यालाही नाती होत्या. ‘‘बाळ, तू कुठे राहतेस?’’

ओपलने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग नोरीनकडे. ती खुर्चीत ताठ बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. श्वास आत घेतला.

‘‘चारशे बारा, कॅनल स्ट्रीट,’’ ती म्हणाली.

कुठेही अडली नाही. मिस्टर पोल्कनी ते लिहून घेतलं आणि पुढच्या रकान्यात एक फुली मारली. ओपल अजून नोरीनकडेच बघत होती. तिने तळहात उघडून टेबलावर पुढे केला होता.

नोरीनने सवयीने खण उघडला. चांदण्यांचं पाकीट तिथेच होतं.